डब्यातला बर्फ

अण्णा गाडीत बसले की स्टिअरिंग कोणाच्याही हातात असो, गाडी चालवायचे तेच. त्या रविवारीही तसंच झालं. पोलादपूर मागे पडलं, आंबेनळी घाटाचं पहिलं वळण आलं आणि डावीकडच्या सीटवरून हुकूम सुटला.

"हॉर्न दे."

"समोर कोणी नाही, अण्णा."

"म्हणून तर द्यायचा. माणूस दिसल्यावर हॉर्न काय कामाचा? तेव्हा ब्रेक लागतो."

प्रियदर्शिनीने हॉर्न दिला. अजून उजाडायचं होतं. काचा वर केल्या होत्या तरी गारठा पायाकडून आत येत होता. अण्णांनी कानटोपीवर मफलर गुंडाळला होता, गुडघ्यांवर तिने सक्तीने घातलेली शाल होती आणि मांडीवर ॲल्युमिनियमचा जुना डबा होता. त्या डब्याभोवती भाताचं तूस भरलेली कापडी पिशवी त्यांनी आदल्या दिवशी स्वतः शिवली होती. सुईत दोरा ओवायला तेवढं त्यांनी तिला बोलावलं होतं.

श्रीपत ड्रायव्हर म्हणून त्यांना महाडपासून महाबळेश्वरपर्यंत लोक ओळखत. एसटीची उभी नोकरी त्यांनी याच घाटात काढली होती. गाडीत त्यांना झोप कधी लागली नाही. धाकट्या लेकीच्या, उज्वलाच्या लग्नाचं वऱ्हाड ठाण्याहून परत येत होतं तेव्हा सगळी बस घोरत होती आणि मुलीचा बाप ड्रायव्हरच्या पाठीमागचा दांडा धरून पोलादपूरपर्यंत उभा होता. बसा म्हटलं तर म्हणाले, "त्याला वळणं म्हायती नायत." तो ड्रायव्हर महाडजवळच्या बिरवाडीचाच होता.

"दुसऱ्यात घे. चढ बघून गिअर टाकायचा, इंजिन रडल्यावर नाय," अण्णा म्हणाले. "अगो, इंजिन कसं कण्हतंय बघ. उजीच्या तळ्यासारखं."

झालं. पहिल्या तीन वळणांतच उजीचं तळं आलं.

उज्वला प्रियदर्शिनीची धाकटी बहीण. नवऱ्याच्या नोकरीमुळे फिनलंडला राहत होती. तिच्या घरामागे एक तळं होतं आणि थंडीत ते काठापासून काठापर्यंत गोठत असे. दर रविवारी ती त्या तळ्यावर चालत जाऊन व्हिडिओ काढून पाठवी. कोणी पायाला पाती बांधून घसरतंय, कोणी बर्फाला भोक पाडून स्टुलावर मासे धरत बसलंय, आया बाबागाड्या ढकलत तळ्याच्या मधोमध फिरतायत. कडाक्याची थंडी वाढली की बर्फ आतून घुमायचा. तो आवाज अण्णा फोन कानाला लावून ऐकत. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे त्या बर्फावरून रस्ता जात होता. खरा रस्ता, मोटारींचा. दोन गाड्यांत अंतर ठेवायचं, मधे थांबायचं नाही, आणि पट्टा लावायचा नाही. बर्फ फुटलाच तर दार उघडून उडी मारता यावी म्हणून.

"पाण्यावर रस्ता!" अण्णा दिसेल त्याला सांगत. दूधवाल्याला, रेशनच्या दुकानात, महाडला दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर शेजारच्या पेशंटला. "आमची उजी पाण्यावर चालते."

प्रियदर्शिनी महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. ती रोज जाताना-येताना सावित्रीच्या काठाने अण्णांची औषधं, भाजी, चष्म्याची दुरुस्ती घेऊन चालत असे. जमिनीवरून. त्याचा व्हिडिओ कोणी मागितला नव्हता.

मागच्या आठवड्यात पेपरात वेण्णा तलावाचा फोटो आला. जेटीवर दव गोठून पांढरा थर साचला होता. अण्णांनी तो फोटो कापून ठेवला आणि म्हणाले, "बाय, एकदा वर जाऊन येऊ. उजीला दाखवू. म्हणावं, आमच्याकडं पण हाय." बाय म्हणजे प्रियदर्शिनी. ती पहाटे उठली, थर्मासमध्ये चहा भरला, गाडीच्या काचेवरचं दव पुसलं. आमच्याकडं पण हाय, हे उजीला दाखवण्यासाठी.

तलावाशी पोचले तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. गर्दी त्याआधीच पोचली होती. मुंबई-पुण्याची पोरं मोटारींच्या टपावरचा पांढरा थर एटीएम कार्डाने खरवडून एकमेकांच्या मानेत टाकत होती. मक्याची कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीभोवती माणसं हात पसरून उभी होती. जेटीच्या फळ्या पिठी साखर भुरभुरल्यासारख्या दिसत होत्या. उलट्या घातलेल्या होड्यांच्या बुडांवर, गवताच्या प्रत्येक पात्यावर तेच. तलाव मात्र गोठला नव्हता. त्याच्यावर नुसती वाफ तरंगत होती.

अण्णांनी हातमोजा काढला आणि फळीवर बोट ओढलं. मग बोट जिभेला लावलं.

"तोच," ते म्हणाले. "मुक्कामी गाडीच्या बॉनेटवर असायचा तोच."

प्रियदर्शिनी जवळ सरकली. तिला वाटलं, आता ते तिच्याकडे बघतील. त्या डब्याची गोष्ट या जगात तिघांनाच माहीत होती आणि त्यातली दोघं इथे उभी होती. अण्णांनी फोन पुढे केला. "लाव गो उजीला."

"तिकडे अजून रात्र आहे, अण्णा. झोपली असेल."

"नाय झोपली. गजर लावते म्हणाली होती."

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. अंधारात उज्वलाचं तोंड दिसलं, डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "अण्णाऽऽ! दाखवा!"

आणि अण्णा निघाले. पंचाहत्तरीचा माणूस, एका हातात फोन, होडीवाल्यांना बाजूला करत काठाने चालला. "ही बघ जेटी. ही होडी. हे गवत बघ, कसं उभंच्या उभं कडक झालंय. हां, तुझ्या तळ्याइतका नाय. ही तुझ्या तळ्याची धाकटी बहीण समज." पलीकडून हसणं. "तिकडं किती हाय आज? उणे अठरा? आयला! आणि रस्ता चालू हाय काय?"

प्रियदर्शिनी शाल घेऊन मागे मागे चालत होती. शाल खांद्यावर टाकली की ते हात वर करत आणि शाल पडे. तीनेकदा पडल्यावर तिने ती स्वतःच्याच खांद्यावर घेतली. एका गजरात जागं होऊन उज्वलाने बाजी मारली होती. आपण पहाटे उठलो त्याला गजर म्हणत नाहीत, त्याला घरकाम म्हणतात. हा विचार मनात आला तेव्हा तो तिला थोडा विनोदीही वाटला, पण हसू आलं नाही.

रस्त्यापलीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर एक शेतकरी पानं उचलून बघत होता. कडेची पानं भाजल्यासारखी काळी पडली होती. "फोटो तुमचे," तो कोणाकडेही न बघता म्हणाला, "आणि जळतात ती आमची पानं." थंडीनेही पान जळतं, हे प्रियदर्शिनीने पुस्तकात वाचलं होतं. त्या सकाळी ते तिने बोटाने चाचपून पाहिलं.

अण्णांची लाडकी उज्वला आहे, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ते तिला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तेव्हा अण्णांची मुक्कामी पाळी महाबळेश्वरला असे. थंडीत ते पहाटे गाडीच्या बॉनेटवरचा, काचेवरचा बर्फ खरवडून जेवणाच्या डब्यात भरत आणि सकाळची फेरी घेऊन खाली येत. पोलादपूरच्या स्टँडवर दोघी बहिणी दप्तरं घेऊन उभ्या असत. अण्णा ड्रायव्हरच्या खिडकीतून डबा खाली देत. झाकण उघडलं की आत पाणी. घाट उतरेपर्यंत बर्फ कधी टिकला नाही. पण ते पाणी इतकं गार असे की उज्वला डबा दोन्ही हातांनी धरून घटाघट प्यायची आणि कळ कपाळात गेली म्हणून नाचायची. अण्णा खिडकीतून हसत. मग विचारत, "बाय, तुला?"

"मला नको. पाणीच तर आहे."

अण्णा सरळ माणूस. कोणी नको म्हटलं की त्यांना ते खरंच वाटे. कंडक्टरला म्हणत, "थोरली समजूतदार हाय." ते समजूतदारपण तिला तेव्हा जे चिकटलं ते चाळीस वर्षं निघालं नाही.

फोन बंद झाल्यावर अण्णांनी डबा काढला. दोघांनी मिळून रात्रभर तिथेच उभ्या असलेल्या एका गाडीच्या टपावरचा थर चमच्याने खरवडून आत दाबून भरला. झाकण लावलं, तुसाची पिशवी आवळली. "या खेपेला पोचतो बघ," ते म्हणाले. "तेव्हा तूस वापरायची अक्कल नव्हती."

उतरताना त्यांनी प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत दोन-चार वेळा हॉर्न द्यायला लावला. मग ते गप्प झाले. पुढच्या वळणाला प्रियदर्शिनीने स्वतःहून हॉर्न दिला आणि डावीकडे पाहिलं. अण्णांचं डोकं दाराला टेकलं होतं. तोंड जरा उघडं. दोन्ही हात डब्यावर.

उज्वलाशी तासभर गप्पा आणि माझ्याबरोबर झोप, तिच्या मनात आलं. ती घाट उतरली, एकेक वळण, दुसऱ्या गिअरमध्ये, एकही झटका न देता. रागात होती तरी गाडी मऊ चालवत होती. ते हाताला लागलेलं वळण होतं, आणि ते वळण अण्णांनीच लावलं होतं.

घरी पोचल्यावर अण्णांनी झाकण उघडलं. आत पाणी. तळाशी एक चिप्पट तुकडा होता, तोही बघता बघता विरला. अण्णांनी डबा एकदा हलवून पाहिला.

"उजीने विचारलं तर पोचला म्हणून सांग," ते म्हणाले. "हिरमुसेल ती."

आणि डब्यातलं पाणी त्यांनी अंगणातल्या जास्वंदीला घातलं.

दुसऱ्या दिवशी ती महाडला कामावर गेली. दुपारी आत्याचा, गीताबाईंचा, फोन आला. जेवण करून अण्णा अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. आत्या ताट विसळायला आत गेली आणि बाहेर आली, तेवढ्यात सगळं संपलं होतं.

उज्वला पोचली ती तिसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. एवढ्या लांबून येईपर्यंत थांबता येणार नव्हतं. ती दारातच बसली आणि आत्याने तिला पोटाशी धरलं. वाडीतल्या बायका जमल्या. "पोरीला बाप बघायला नाय मिळाला गो!" एकीने सूर धरला आणि दुसरीने तो उचलला. प्रियदर्शिनीने चहा ठेवला. तिला बाप बघायला मिळाला होता, त्यामुळे तिच्याविषयी हळहळण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुःखातही उज्वलाचं तळं मोठं होतं.

संध्याकाळी उज्वलाने पहिलाच प्रश्न विचारला. "ताई, तो डबा. बर्फ पोचला होता का?"

"पोचला होता," प्रियदर्शिनी म्हणाली.

उज्वलाने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि मान हलवली.

अण्णांच्या नावे जलदान आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या रविवारी घरासमोरच्या मांडवात झाला. बौद्धाचार्य बुद्धरत्न सरांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसली. तसबिरीसमोर परात, परातीत पेला, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. गाथा चालू असताना तांब्यातल्या पाण्याची धार धरायची आणि पेला काठोकाठ भरून परातीत सांडेपर्यंत ती तुटू द्यायची नाही.

"मुलींनी पुढे या," बुद्धरत्न सर म्हणाले. "दोघींनी मिळून तांब्या धरा."

प्रियदर्शिनीने हात पुढे केला. तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, "उजीला धरू दे गो नीट. ती एवढ्या लांबून आलीय. तू काय, हितलीच हायस."

कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रियदर्शिनीने हात मागे घेतला. "तू धर," ती म्हणाली. "मला नको."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ओळखीचे वाटले. उज्वलाने धार धरली. धार तुटली नाही. पेला भरला, पाणी काठावरून घरंगळलं, परातीत पसरलं. लोक साधू, साधू म्हणाले. प्रियदर्शिनीचे हात मांडीवर होते, कोरडे, आणि आपल्याला नक्की कशाचं रडू येतंय हे तिला सांगता आलं नसतं. बापाचं यावं तिथे तांब्याचं येत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते थांबलं नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी उज्वला म्हणाली, "ताई, मला तो तलाव दाखव."

दोघी निघाल्या. या वेळी दिवसाउजेडी. वेण्णा तलावावर ऊन पसरलं होतं, होड्या फिरत होत्या, घोडेवाले गिऱ्हाईक शोधत होते. बर्फाचा मागमूस नव्हता. उज्वलाने जेटीवर बसून फळीवर तळहात ठेवला.

"इथून ते चालत गेले ना? फोन घेऊन? मला नुसती त्यांची हनुवटी दिसत होती आणि आभाळ."

"शाल घेत नव्हते," प्रियदर्शिनी म्हणाली. कणीस घेतलं, दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं आणि निघाल्या.

घाट सुरू झाला. डावीकडे बसलेल्या उज्वलाचा उजवा पाय वळणावर आपोआप पुढे जाऊन ब्रेक असल्यासारखी रिकामी जागा दाबत होता. प्रियदर्शिनीने ते पाहिलं आणि ते दोघींच्याही लक्षात आलं, पण कोणी हसलं नाही. प्रतापगडाचा फाटा आला तशी उज्वला म्हणाली, "इथूनच झोपले ना?"

प्रियदर्शिनीने चमकून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. मी विचारलं, अण्णा, बर्फ पोचला का? मला वाटलं हो म्हणतील. मला बरं वाटावं म्हणून ते काहीही सांगायचे. तर म्हणाले, बर्फाचं सोड गो. वितळला तो. आज मी घाटात झोपलो." उज्वलाने काचेबाहेर तोंड केलं. "तीनदा सांगितलं. बायच्या हाती गाडी होती, फाट्यापासून पोलादपूरपर्यंत कसलं काय समजलंच नाय. आयुष्यात पहिल्यांदा घाटात झोपलो. असे खूश होते ताई, की मी तळं दाखवायला फोन खिडकीशी नेला तर म्हणाले, राहू दे, रोजचंच हाय."

प्रियदर्शिनीच्या हातातलं स्टिअरिंग गुळगुळीत झाल्यासारखं वाटलं. तिने ते घट्ट धरलं.

"मला त्या बर्फाची भीती वाटते," उज्वला म्हणाली. "आत आवाज झाला की पाऊल पुढे टाकवत नाही. शेजारच्या आजींचा हात धरून मी चालते. व्हिडिओत हात येऊ देत नाही एवढंच. अण्णांना आवडतं म्हणून दर रविवारी जायचे. आणि शेवटच्या रविवारी त्यांना तळं नको होतं." तिने नाक पुसलं. "माझ्या लग्नात त्यांना कोणी बसवू शकलं नाही. तुझ्या शेजारी ते झोपले."

हा आवाज प्रियदर्शिनीने ओळखला. तलावाच्या काठाने शाल घेऊन चालताना तो तिच्याच आत होता. क्षणभर तिला गोड वाटलं, अगदी जिभेवर साखर ठेवल्यासारखं. ते तसंच चघळत खाली उतरता आलं असतं. समजूतदार माणसासारखं गप्प राहता आलं असतं, असू दे गं, आता काय त्याचं, असं काहीतरी म्हणून टाकता आलं असतं.

पुढचं वळण आलं. समोर कोणी दिसत नव्हतं. तिने हॉर्न दिला. वळण घेतलं, गाडी सरळ केली आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली,

"उजे, डब्यातलं पाणी मलाही प्यायचं होतं गं."